टंचाईतली दावण : घरच्या जनावरांचे पाणी आणि वैरण

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात दावणीची वैरण एप्रिल-मेमध्ये संपते. ती पुरणार नाही, हे मात्र दिवाळीच्या सुमारासच कळू शकते. तोवर खरीप हाती आलेला असतो, रब्बीची पेर साधली की हुकली हे स्पष्ट झालेले असते आणि विहिरीतली पातळीही डोळ्यांना दिसत असते. १९७२, २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या दुष्काळांत चाऱ्याची खरी ओढाताण उन्हाळ्यात झाली, पण ती टाळण्याची संधी आदल्या हिवाळ्यातच येऊन गेली होती. २०१८ मध्ये ऑक्टोबरअखेर राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि चारा छावण्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून उभ्या राहू लागल्या. मधल्या काळात जनावर जगते ते घरच्या गंजीवर आणि घरच्या हौदावर. एक-दोन दुभती जनावरे, बैलजोडी, चार शेळ्या आणि परसातल्या कोंबड्या असलेल्या कुटुंबाने ही तयारी कशी करावी, याचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

पाण्याची गरज

टंचाईत पहिला क्रम पाण्याचा. अंगातली जवळजवळ सगळी चरबी आणि निम्मी प्रथिने खर्च झाली तरी जनावर तग धरू शकते. शरीरातल्या पाण्याचा दहावा भाग कमी झाला की जीव धोक्यात येतो. पाणी कमी पडले की जनावर कोरडी वैरणही कमी खाते, कारण पोटात ती भिजवायला आणि पुढे सरकवायला पाणीच लागते. त्यामुळे गव्हाणीत कडबा असूनही जनावर खंगते.

भाकड गाईला किंवा बैलाला दिवसाला साधारण ४० ते ५० लिटर पाणी लागते. दुभत्या गाई-म्हशीला उन्हाळ्यात ७० ते ८० लिटर आणि भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईला त्याहूनही जास्त लागते. शेळी-मेंढी ५ ते ८ लिटर पिते. कोंबडी एरवी पाव लिटरभर पिते. कडक उन्हाळ्यात ते प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. एक दुभती म्हैस, दोन बैल, चार शेळ्या आणि दहा कोंबड्या एवढ्या दावणीला रोज जवळपास २०० लिटर पाणी लागते. म्हणजे पंधरवड्याला ३,००० लिटर. घरातल्या माणसांच्या पाण्याचा हिशोब याहून वेगळा धरावा लागतो.

पाणी पुरेसे मिळत नसल्याच्या खुणा लवकर दिसतात. शेण घट्ट गोळ्यांसारखे पडते, लघवी गडद होते, नाकपुडी कोरडी पडते, दूध घटते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच पूर्ववत व्हायला हवी. तिला दोन-तीन सेकंद लागले आणि डोळेही खोल गेलेले असले, तर जनावराला पाणी कमी पडते आहे असे समजावे. फार वेळ तहानलेल्या जनावराला एकदम हौदावर सोडू नये. थोडे थोडे पाणी अंतराने पाजावे. वासरांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे.

साठा आणि बचत

गोठ्याचे छप्पर हे घरचे सर्वांत जवळचे पाणलोट क्षेत्र. २० चौरस मीटर पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी मिळते. गळती आणि पहिल्या सरींचे घाण पाणी सोडून दिले तरी ८,००० लिटर हाती राहते. वर सांगितलेल्या दावणीला ते ४० दिवस पुरते. मात्र त्यासाठी टाकी झाकलेली हवी. उघड्या शेततळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जाते. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तळ्यातून रोज ८०० लिटर जाते, म्हणजे एका दिवसात दावणीचे चार दिवसांचे पाणी नाहीसे होते. म्हणून तळ्यात पाणी असेल तर ते आधी वापरावे आणि झाकलेल्या टाकीतले शेवटी उघडावे.

पिण्याचा हौद सावलीत असावा. गार पाणी जनावर पोटभर पिते, तापलेले अर्धवट पिऊन सोडते. हौदाला आतून चुना लावला की शेवाळ कमी धरते. आठवड्यातून एकदा तो रिकामा करून घासावा आणि खाली उरलेले पाणी झाडांना द्यावे. साबणाचे सांडपाणी मात्र जनावरांना पाजू नये. पाण्यासाठी जनावरे लांब चालवत नेणे नुकसानीचे असते, कारण उन्हातल्या चालण्याने तहान आणि भूक दोन्ही वाढतात. शक्य असेल तर पाणी गोठ्यापर्यंत आणावे. चराई सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर करावी, दुपारी जनावरे सावलीत बांधावीत. गोठ्याच्या उन्हाकडच्या बाजूला ओले गोणपाट लावले तर त्याला लागणाऱ्या थोड्या पाण्याच्या बदल्यात जनावराची तहान कमी होते.

तळ गाठलेल्या विहिरीचे आणि खोल बोअरचे पाणी अनेकदा मचूळ होते. एका लिटरात ३,००० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असले तरी बहुतेक जनावरे ते पाणी सोसतात. ५,०००च्या वर ते दुभत्या आणि गाभण जनावरांना त्रासदायक ठरते, ७,०००च्या वर त्यांना देऊच नये. अशा पाण्यात टँकरचे गोडे पाणी मिसळून क्षार कमी करता येतात. हिरवीनिळी साय धरलेले डबक्याचे पाणी विषारी असू शकते. ते गाळूनही वापरू नये. दूषित वाटणाऱ्या पण गढूळ नसलेल्या १,००० लिटर पाण्याला ३ ते ५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. ती मिसळून अर्धा तास थांबावे आणि मग पाणी पाजावे.

वैरणीचा हिशोब

चारा मोजताना त्यातले पाणी वजा करावे लागते. हिरव्या मक्याच्या १०० किलोंत कोरडा भाग २० ते २५ किलोच असतो, तर वाळलेल्या कडब्याच्या १०० किलोंत तो ९० किलोंच्या आसपास असतो. गाय-बैलाला वजनाच्या सुमारे अडीच टक्के, दुभत्या जनावराला तीन टक्क्यांपर्यंत आणि शेळीला चार टक्क्यांच्या आसपास कोरडा भाग लागतो. ५०० किलोच्या म्हशीला १३ ते १५ किलो, ४०० किलोच्या प्रत्येक बैलाला ९ ते १० किलो आणि चार शेळ्यांना मिळून ५ किलो, असा हा हिशोब दिवसाला ३६ ते ४० किलोंवर जातो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १२० दिवस धरले, तर निव्वळ कडब्यावर जवळपास ५ टन वैरण लागते.

कडबा शेकड्याने विकला जातो, पण पेंढीचे वजन गावोगावी आणि वर्षागणिक बदलते. म्हणून दहा पेंढ्या तोलून सरासरी काढावी आणि त्यावरून शेकड्याचा भाव किलोवर आणावा. सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीचा कडबा उत्तम मानला जातो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला स्वस्त असतो आणि मेमध्ये तोच परवडत नाही. वैरण हलकी आणि फुगीर असल्याने लांबून आणायची झाल्यास वाहतुकीचाच खर्च भारी पडतो. त्यामुळे जवळच्या शिवारात, काढणीच्या वेळी केलेली खरेदीच घरगुती पशुपालकाला पेलते. बाजरीचे सरमाड, मक्याची ताटे, तूर-हरभऱ्याचे भुसकट, सोयाबीनचे भुसकट, गव्हाचे काड आणि भाताचा पेंढा हे सगळे त्या वेळी मिळेल तसे गोळा करावे. शेतातच जाळले जाणारे काड आणि खळ्यावर सोडून दिलेले भुसकट यांची टंचाईच्या वर्षी फार मोठी किंमत असते.

गंजी, कुट्टी आणि मुरघास

गंजी पूर्ण वाळलेल्या वैरणीचीच रचावी. ओल राहिली की आतून बुरशी चढते. खाली दगड किंवा लाकडे घालून तळ उंच करावा, माथा निमुळता ठेवावा आणि तो प्लास्टिकने किंवा पाचटाने शाकारावा. वाळवी लागू नये म्हणून तळाशी अधूनमधून पाहणी करावी. गंजी चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर असावी, तिच्याभोवतीचे गवत काढलेले असावे. सगळी वैरण एकाच ठिकाणी न रचता दोन गंज्या केल्या, तर आग लागली तरी निम्मी वाचते.

अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि जाड धांडे तुडवते. त्यात बरीच वैरण वाया जाते. कुट्टी करून गव्हाणीत घातली की ही नासाडी बहुतांशी थांबते. त्यामुळे चारा कमी असलेल्या वर्षी कडबाकुट्टी यंत्र भाड्याने आणले तरी खर्च निघतो.

हिरवा चारा टिकवण्याचा मार्ग म्हणजे मुरघास. मक्याचे दाणे चिकात असताना पीक कापावे. त्या वेळी त्यात ६५ ते ७० टक्के ओलावा असतो. त्याची एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून ती थर देत, दाबत, हवा काढत भरावी आणि हवाबंद करावी. हवेविना वाढणारे जिवाणू चाऱ्यातल्या साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लात चारा टिकतो. साधारण ४५ दिवसांत मुरघास तयार होतो. नीट झाकलेला राहिला तर तो वर्षभर टिकतो. दोन-तीन जनावरांच्या घरी मोठा खड्डा गैरसोयीचा असतो, कारण उघडल्यावर रोज पुरेसा थर काढला नाही तर वरचा भाग खराब होतो. अशा ठिकाणी मुरघासाच्या पिशव्या किंवा २०० लिटरची प्लास्टिकची पिंपे बरी. एका पिंपात १०० ते १२० किलो मुरघास मावतो आणि तो आठवडाभरात संपतो. काळा पडलेला, बुरशी आलेला किंवा कुजका वास येणारा मुरघास फेकून द्यावा.

निकृष्ट चाऱ्याचे पोषण वाढवणे

गव्हाचे काड आणि भाताचा पेंढा पोट भरतात, पण त्यांत प्रथिने तीन-चार टक्केच असतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव युरियातल्या नत्रापासून प्रथिने बनवू शकतात. युरिया प्रक्रियेचा आधार हाच आहे. १०० किलो काडासाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. काडाचा थर, त्यावर हे पाणी, पुन्हा थर असे करत ढीग दाबून रचावा आणि प्लास्टिकने हवाबंद करून तीन आठवडे ठेवावा. नंतर लागेल तेवढाच चारा काढून, अमोनियाचा वास उडेपर्यंत पसरून मग घालावा. या प्रक्रियेने काड मऊ होते आणि त्यातली प्रथिने जवळपास दुप्पट होतात.

युरिया चुकीच्या हाती जीवघेणा आहे. तो पाण्यात कालवून कधीही पाजू नये आणि अंदाजाने जास्त घालू नये. सहा महिन्यांखालील वासरे, घोडे, गाढवे, कोंबड्या तसेच उपासमारीने अशक्त झालेली जनावरे यांना असा चारा देऊ नये. इतरांनाही तो आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. प्रक्रिया जमणार नसेल तर युरिया, मळी आणि क्षार यांच्या तयार चाटण विटा हा अधिक सुरक्षित पर्याय आहे. सरकी किंवा शेंगदाण्याची अर्धा-एक किलो पेंडही कोरड्या वैरणीचे पचन सुधारते. मोठ्या जनावराला रोज ३० ते ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि २५ ते ३० ग्रॅम मीठ दिल्यास माती, हाडे, चामडे चघळण्याची सवय लागत नाही.

ऐन टंचाईतले पर्याय

पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या हंगामात उसाचे वाढे सहज मिळते आणि छावण्यांतही ऊस-वाढ्यावरच बराच भर असतो. वाढ्यात ऑक्झलेट जास्त असते. ते कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून केवळ वाढ्यावर महिनोन्महिने राहिलेल्या जनावराची हाडे आणि दूध दोन्ही खालावतात. वाढ्यावर चुन्याचे पातळ पाणी शिंपडावे, सोबत क्षार मिश्रण द्यावे आणि शक्य तेवढा कडबा मिसळावा.

शेवरी, हादगा, शेवगा, अंजन, वड, पिंपळ, उंबर, बोर यांचा पाला जनावरे खातात. कोरड्या वैरणीवर असलेल्या जनावराला रोज दोन किलो पाला मिळाला तरी अ जीवनसत्त्वाची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. या उणिवेतूनच रातांधळेपणा येतो आणि गर्भपात होतात. सुबाभळीत प्रथिने भरपूर असतात, पण तिच्यातल्या मिमोसिनमुळे ती एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना उत्तम. काटेविरहित निवडुंगात सुमारे ९० टक्के पाणी असते. तो कडब्यासोबत दिल्यास थोडी तहानही भागते.

मातीविना ट्रेमध्ये वाढवलेल्या मक्याच्या रोपांबाबत हिशोब स्पष्ट असावा. एक किलो दाण्यांपासून आठ-दहा दिवसांत ६ ते ८ किलो हिरवा चारा होतो, पण वाढलेले वजन पाण्याचे असते. कोरडा भाग मूळ दाण्यांपेक्षा थोडा कमीच होतो. हिरव्या खाद्याचा पूरक घास म्हणून तो चारा चांगला आहे, पोट भरण्यासाठी तो पुरत नाही.

भुकेतली विषबाधा

भुकेले जनावर एरवी टाळते ते खाते. घाणेरी, कण्हेर, धोतरा, एरंड यांच्यापासून त्याला दूर ठेवावे. सर्वांत मोठा धोका ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांचा. पाण्याच्या ताणात खुरटलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर फुटलेल्या खोडव्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. शेतकरी याला किराळ लागणे म्हणतात. काही मिनिटांत जनावराला धाप लागते, ते झोकांड्या खाते आणि कोसळते. फुलोरा येण्यापूर्वी हिरवी ज्वारी घालू नये आणि खोडव्यात जनावर मोकळे सोडू नये. वेळेत इंजेक्शन मिळाले तर जनावर वाचते, म्हणून पशुवैद्यकाला त्याच क्षणी बोलवावे.

दावणीला जमलेले शिळे अन्न, भात, भाकऱ्या किंवा धान्य एकदम भरपूर घालणेही घातक ठरते. पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते. कोणतेही नवे खाद्य सात ते दहा दिवसांत थोडे थोडे वाढवूनच सुरू करावे.

कोणत्या जनावराला किती

सगळ्यांना सारखे कमी दिले तर सगळीच जनावरे खंगतात. शेवटच्या तीन महिन्यांतली गाभण, दुभती आणि वाढती वासरे यांना आधी पुरेसे मिळावे. ४०० किलोचे भाकड जनावर पाच-सहा किलो कडबा, अर्धा-एक किलो पेंड, थोडा पाला, क्षार आणि पुरेसे पाणी यांवर काही महिने तग धरते. त्याचे वजन घटते, पण पाऊस झाल्यावर भरून येते. बैलांचा खुराक पेरणीच्या महिनाभर आधीपासून वाढवावा, कारण तेव्हा त्यांच्यावरच शेत अवलंबून असते.

हिशोबात वैरण कमी पडत असेल तर जनावरे कमी करण्याचा निर्णय हिवाळ्यातच घ्यावा. उन्हाळ्यात सगळा तालुका एकाच वेळी बाजारात जनावरे आणतो, भाव पडतात आणि खंगलेल्या जनावराला गिऱ्हाईकही मिळत नाही. दोन जनावरे विकून आलेल्या पैशात उरलेल्या दोघांची वैरण घेतली, तर पुढच्या वर्षी दावण रिकामी राहत नाही. छावणीत जायचे असेल तर घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या खुरकुताच्या लसी आधीच टोचून घ्याव्यात, कारण दाटीत रोग वेगाने पसरतात. कानातला १२ अंकी बिल्ला असल्यास जनावराची नोंद आणि ओळख सोपी जाते.

पुराची आणीबाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणमध्ये संकट उलट्या बाजूने आले. चहूकडे पाणी होते, पण पिण्याजोगे नव्हते, आणि वैरण भिजून गेली होती. नदीकाठच्या घरांनी पावसाळ्यापूर्वी उंचावर जाण्याची जागा ठरवावी. तिथे किमान पाच दिवसांची कोरडी वैरण प्लास्टिकमध्ये बांधून आणि झाकलेल्या पिंपांत पाणी ठेवावे. पाणी चढू लागले आणि जनावरे हलवणे शक्य नसेल, तर दावी सोडून द्यावीत. मोकळे जनावर पोहून वाचू शकते, बांधलेले बुडते.

भिजलेली वैरण लगेच पसरून वाळवावी. बुरशी चढलेला चारा आणि पेंड टाकून द्यावी, कारण त्यातले अफ्लाटॉक्सिन दुधातही उतरते. पुराचे पाणी शिरलेली विहीर उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून मगच वापरावी.

पाऊस पडल्यानंतर

पहिल्या सरींनी संकट संपत नाही. उगवलेले कोवळे गवत पाणचट असते आणि उपाशी जनावर त्यावर तुटून पडते. त्यातून हगवण आणि पोटफुगी होते, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार होतो. म्हणून शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी. पहिले दोन-तीन आठवडे सकाळी कडबा घालूनच जनावरे चरायला सोडावीत. त्यासाठी गंजीतली थोडी वैरण जूनअखेरपर्यंत राखून ठेवावी लागते.

वर्षभराचे नियोजन

जूनमध्ये छपराची पन्हाळ आणि टाकी स्वच्छ करावी, बांधावर मारवेल किंवा अंजन गवत आणि शेवरी, हादगा लावावा. हिवरे बाजारसारख्या गावाने चराईबंदी पाळून आणि गवत कापून आणण्याची शिस्त लावून गावरानातूनच भरपूर वैरण मिळवली. एकट्या घराला न जमणारे काम गाव मिळून करू शकते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मक्याचा मुरघास भरावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भुसकट आणि सरमाड साठवावे, जूनपर्यंतच्या पाण्याचा आणि वैरणीचा हिशोब मांडावा आणि किती जनावरे ठेवायची ते ठरवावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडबा घेऊन गंजी शाकारावी. एप्रिलपासून दर आठवड्याला उरलेली वैरण आणि पाणी मोजावे आणि ते ३० दिवसांच्या खाली आले की छावणी, टँकर किंवा खरेदी यांची सोय लगेच करावी. मेमध्ये लसीकरण पूर्ण करावे.